कापलेले अकरा सेकंद

१

एकला पाच मिनिटं कमी असताना माझी ताई तीन नंबरच्या स्टुडिओत येऊन बसायची, चष्मा काढायची, काचांवर ‘हाः, हाः’ करून दोनदा श्वास सोडायची आणि स्वेटरच्या टोकाने पुसायची. एकच्या बातम्या ती एकवीस वर्षं वाचते आहे, आणि यात कधी खंड पडला नव्हता. मी तिला तीन वाढदिवसांना चष्मा पुसायची मऊ फडकी आणून दिली. ती कपाटात पडून आहेत, घडीसुद्धा मोडलेली नाही.

मी काचेच्या अलीकडे बसतो. मी रेडिओवर संकलक आहे, म्हणजे लोकांनी बोललेलं कापायचं माझं काम. खोकला, घसा खाकरणं, ‘अं’, ‘म्हणजे कसं आहे’, ‘खरं सांगायचं तर’ हे सगळं मी काढून टाकतो. मंत्र्यांपासून मधमाश्या पाळणाऱ्यांपर्यंत सगळे माझ्या हाताखालून जातात आणि हुशार होऊन बाहेर पडतात. आभार कोणी मानत नाही. केंद्रात मला ‘कात्री’ म्हणतात. पूर्वी टेप होती तेव्हा हातात खरंखुरं पातं असायचं, आता कॉम्प्युटर आला, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

एकट्या ताईचा आवाज मी कापत नाही. ती बातमीच्या कागदावर पेन्सिलीने तिरक्या रेघा मारते. रेघ आली की श्वास. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी इथे लागलो, त्या दिवशी तिने मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, “बाकी काय हवं ते काप. माझा श्वास कापायचा नाही. श्वास कापला की माणूस खोटं बोलतंय असं वाटतं.” आई गेली तेव्हा ताई एकोणीसची होती आणि मी दहाचा. माझे डबे, माझ्या परीक्षा, माझा ताप, सगळं तिनेच काढलं. लग्न दोघांचंही राहून गेलं, घर एकच आहे. तिचं मी फारसं ऐकत नाही, पण हे एक ऐकत आलो होतो.

२

सगळी कटकट सुरू झाली ती मॅडममुळे. मॅडम म्हणजे आमच्या कार्यक्रमप्रमुख, गेल्या वर्षी टीव्हीवरून आल्या. आल्या आल्या त्यांना बातम्यांआधीची धून म्हातारी वाटली. मग फर्मान निघालं, की यंदा संगीतकाराची जन्मशताब्दी आहे, तर त्याच्या शेवटच्या रचनेतले शेवटचे वीस सेकंद बातम्यांआधी वाजवायचे.

आमच्याकडे नुसतं ‘संगीतकार’ म्हटलं की तोच. तिकिटावर त्याचा चेहरा आहे, शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर धडा आहे, आणि त्याचं संगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला माणूस शोधून सापडणार नाही. शेवटची रचना त्याने आमच्या केंद्रासाठीच लिहिली होती. जुन्या सभागृहात एकट्याने पियानोवर वाजवली, आम्ही ती टेपवर घेतली, आणि ती प्रसारित झाली त्याच आठवड्यात तो गेला. पुढे सभागृहही पाडलं. आता तिथे गाड्या उभ्या करतात.

“त्याचं दुसरं काहीही घ्या,” मी मॅडमना म्हणालो.

“का?”

“त्या वीस सेकंदांत जोड आहे.”

“जोड म्हणजे?”

“मधलं काहीतरी कापून टेप चिकटवली आहे. तिसऱ्या सेकंदाला.”

त्यांनी ऐकलं. परत ऐकलं. “मला तर काही कळत नाही.”

“मला कळतं.”

“मग तेवढा वेळ कान बंद ठेवा,” मॅडम म्हणाल्या आणि फोन उचलला. ती जोड कोणी घातली हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

सोमवारी पहिल्यांदा नवी धून वाजली. मग ताई. पहिली बातमी, दुसरी बातमी. तिसरी पुलाच्या दुरुस्तीची होती. “हे काम येत्या,” ताई म्हणाली आणि थांबली.

रेडिओवर तीन सेकंदांची शांतता म्हणजे श्रोता रेडिओला थापटी मारतो. पाच सेकंद झाले की आमच्याकडचं पहारेकरी यंत्र आपोआप बँडची ठेवणीतली धून सुरू करतं, लोकांना केंद्र बंद पडलं असं वाटू नये म्हणून. मी घड्याळाकडे बघत होतो. पाच गेले. सात गेले. बँड काही वाजेना. ताई कागदाकडे बघत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. अकराव्या सेकंदाला तिने वाक्य पुढे उचललं. “महिन्यात पूर्ण होईल.”

बातम्या संपल्यावर मी धावत आत गेलो. “काय झालं तुला?”

“कुठे काय झालं?”

“थांबलीस की! अकरा सेकंद!”

“उगाच काहीतरी बोलू नकोस. मी कुठेही थांबले नाही,” ताई म्हणाली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच ताप आला आहे.

३

यंत्र का गप्प बसलं ते बघायला मी फ्यूजला बोलावलं. फ्यूज आमचा इंजिनिअर. ऐन वेळी उडतो म्हणून हे नाव. हवेवर जे काही जातं ते आमच्या कॉम्प्युटरमध्ये तीन महिने साठून राहतं, त्याला आम्ही नोंद म्हणतो. फ्यूजने सोमवारच्या एकची नोंद काढली.

“यंत्र ठीक आहे,” तो म्हणाला. “शांतताच नव्हती तर ते करणार काय?”

“अरे, ती अकरा सेकंद गप्प होती!”

“ती गप्प होती. पण आवाज होता. बघ ना, पडद्यावर आवाजाची रेघ सपाट नाहीये.”

मी हेडफोन घातले आणि ते अकरा सेकंद ऐकले. मग परत ऐकले.

ही गोष्ट आमच्या धंद्यात नसलेल्याला पटवणं कठीण आहे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कोणी बोलत नसतं तेव्हाही खोली बोलत असते. पंखा, भिंती, छताची उंची, सगळं त्यात असतं. स्टुडिओ तीनची शांतता मी झोपेतही ओळखेन. ती कोरडी आहे, कापसाच्या गादीत तोंड खुपसल्यासारखी. हेडफोनमध्ये होती ती शांतता तिची नव्हती. ती उंच छताची होती. लाकडी जमीन, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि लांब कुठेतरी एक न लागलेलं दार.

“एअर कंडिशनर असेल,” फ्यूज म्हणाला.

“असेल,” मी म्हणालो. त्या वेळी मला तेच हवं होतं. दोन तास तक्रार लिहीत बसलो, ती घेऊन तीन टेबलं फिरलो, आणि एअर कंडिशनर आमच्या खात्यात येत नाही असं तीनही टेबलांनी मला समजावून सांगितलं.

४

पण मला माहीत होतं. ते सभागृह मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी चार दिवस कानात घेऊन बसलो होतो.

संगीतकाराच्या त्या रचनेत शेवटच्या सुरावटीआधी एक थांबा होता. त्याने कागदावरच लिहिला होता, अकरा सेकंद. तेवढा वेळ तो पियानोवर मनगटं उचलून बसून राहायचा आणि मग शेवटचे सूर. मी नोकरीत नवा होतो, वर्षही झालं नव्हतं. मला पहारेकरी यंत्राची धास्ती होती. पाच सेकंदांनी बँड सुरू झाला, आणि तोही संगीतकाराच्या रचनेच्या मधोमध, तर माझी नोकरी गेलीच. कोणाला विचारायची लाज वाटली. मी पातं घेतलं, अकरा सेकंदांची टेप कापली, अर्धा सेकंद ठेवला आणि चिकटवून टाकली. तुकडा टोपलीत गेला. माझ्या मते काम इतकं सफाईचं झालं होतं, की मी संध्याकाळी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

प्रसारण झालं आणि तीन आठवड्यांनी संगीतकाराची बायको फाटकाशी आली. पांढरे केस, हातात छत्री. “कापलेलं परत द्या,” एवढंच म्हणाली. मी म्हणालो, टोपली रोज रिकामी होते. तिने मान हलवली आणि गेली. मी कोणाला काही सांगितलं नाही. ताईलाही नाही.

बुधवारी मी फ्यूजला सहज म्हणून विचारलं, “समजा, असा आवाज असलेले अकरा सेकंद असते, तर जुन्या यंत्राने बँड लावला असता का?”

“छे! जुनं तर याहून मठ्ठ होतं. एवढा आवाज असताना त्याने जन्मात बँड लावला नसता.”

म्हणजे कापायची गरजच नव्हती. कोणाला तरी एक प्रश्न विचारला असता तर भागलं असतं. मी टेबलावर हात आपटला, आणि फ्यूजला वाटलं मी त्याच्यावरच चिडलो.

५

मंगळवारी थांबली. बुधवारी थांबली. गुरुवारीही. दर वेळी अकरा सेकंद, दर वेळी नव्या ठिकाणी, आणि दर वेळी ताईला पत्ता नाही. मी तिला नोंद ऐकवली. तिने डोळे मिटून ऐकली आणि म्हणाली, “ही मी नाही.” संध्याकाळी भांडी घासताना मध्येच म्हणाली, “मला डॉक्टरकडे नेतोस का रे?” ताईने आयुष्यात स्वतःहून डॉक्टरचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं, आणि सगळं उत्तम आहे असं सांगितलं. एवढा राग मला चांगल्या बातमीचा कधी आला नव्हता.

नोंदीत मात्र रोज काहीतरी वाढत होतं. मंगळवारी पाऊल वाजलं, लाकडावर. बुधवारी खुर्ची सरकली. गुरुवारी कोणीतरी कागदाचं पान उलटलं, आणि ते अगदी माइकजवळ.

शुक्रवारी मी नोंदीकडे न बघता काचेतून ताईकडेच बघत राहिलो. ती वाक्याच्या मध्यावर थांबली. तोंड किंचित उघडं. मग तिचा उजवा हात मनगटातून वर उचलला गेला, पाठोपाठ डावा, आणि दोन्ही हात टेबलाच्या वर वीतभर उंचीवर, बोटं खाली सोडलेली, तसेच राहिले. ताईने उभ्या जन्मात पियानोला हात लावलेला नाही. अकराव्या सेकंदाला हात खाली आले आणि तिने हवामान सांगितलं.

त्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. ताईला नाही, मला.

“ताईंना तुम्हीच समजावा. फोनवर फोन येताहेत. एक आठवडा बघू, नाहीतर एकच्या बातम्या कॉम्प्युटरच्या आवाजावर टाकू. तो थांबत नाही, रजा मागत नाही.”

“तुम्ही ती धून बदला. सगळं थांबेल.”

“धुनेचा काय संबंध?”

काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर ताईच्या आधी मला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. “जोड आहे त्यात,” मी पुन्हा तेच म्हणालो.

“रविवारी चार वाजता ती रचना पूर्ण लावायची आहे, शताब्दीनिमित्त. एवढी टोचत असेल तर तेव्हा दुरुस्त करा तुमची जोड,” मॅडम म्हणाल्या. “निवेदन ताईच करतील. शेवटचं समजा हवं तर.”

ताईला घरी बसवलं तर ती जगेल, पण कशी जगेल ते मला दिसत होतं. ती सकाळी उठून पेपरातल्या बातम्यांवर पेन्सिलीने रेघा मारत बसली असती आणि एकला पाच कमी असताना चष्मा पुसत राहिली असती.

६

संगीतकाराची बायको अजून होती. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. शनिवारी सकाळी मी धापा टाकत वर पोहोचलो. नव्वदीला टेकलेली बाई, ताठ बसलेली. खोलीत पियानो नव्हता. तो होता तिथे जमिनीवर तीन फिकट खुणा होत्या. खिडकीत रेडिओ, बारीक आवाजात आमचंच केंद्र.

“तुम्ही कापणारे ना?” तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होतो. ऐकताना ती एका डबीशी खेळत होती. डबीत शर्टाचं एक बटण होतं.

“हे डाव्या बाहीचं,” ती म्हणाली. “त्या दिवशी वाजवायला जाताना तुटलं. आल्यावर लावते म्हटलं, ते राहूनच गेलं.” मग म्हणाली, “ती श्वास घ्यायची जागा होती हो त्यांची. सगळी रचना ते एका दमात वाजवायचे आणि तिथे श्वास घ्यायचे. रेडिओवर लागली तेव्हा इथे, या टेबलाशी, हात उचलून बसले होते. श्वास घ्यायला गेले आणि सूर आधीच आले. हात काही खाली ठेवले नाहीत मग.”

“मी काय करू आता?” मी विचारलं.

“जिथून काढलंत तिथे ठेवा.”

“तो तुकडा नाही माझ्याकडे. पण माझ्या बहिणीच्या नोंदीत तीच शांतता आहे.”

तिने डबीचं झाकण लावलं. “दुसऱ्याचं काही काढून त्यांना देऊ नका. परत करायची सवय नव्हती त्यांना. माझ्या पेन्सिली, शेजाऱ्यांची छत्री, एकदा घेतलं की गेलं.” आणि हसली, नवऱ्याच्या खोड्या सांगताना बायका हसतात तशी.

मी जिना उतरलो तेव्हा मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं.

७

शनिवारी दुपारी केंद्रात शांत होतं. फ्यूजची सुट्टी, मॅडमची सुट्टी. मी संगीतकाराची रचना कॉम्प्युटरवर घेतली, जोड उघडली, आणि शेजारी ताईच्या पाच दिवसांच्या नोंदी लावल्या.

प्रत्येक थांब्यात काही ना काही आवाज होता, सोमवारच्यात ते दार, म्हणून स्वच्छ तुकडे निवडावे लागले. सोमवारचे चार सेकंद, मंगळवारचे दोन, असं करत अकरा भरले. ते तुकडे एकमेकांना असे चिकटत गेले, की मला शहारा आला. पण टोकं जुळेनात. सूर संपून शांतता सुरू होते तिथे खट्ट, शांतता संपते तिथे खट्ट. तास गेला, दोन तास गेले. मान आखडली, चहा गार झाला, मी कॉम्प्युटरला नको नको ते बोललो. मग मला दिसलं. ताई थांबायच्या आधी आणि थांबून झाल्यावर तिचे श्वास होते, बारीक, रेघेवर तांदळाच्या दाण्याएवढे. ते घेतले असते तर कडा मऊ झाल्या असत्या.

मी हात मागे घेतला. ताईचा श्वास कापायचा नाही. पण हे सगळं तिच्यासाठीच तर करत होतो! आणि मी कापणार थोडाच होतो, नक्कल घेणार होतो. नोंदीला हात लावायचा नाही, नक्कल घ्यायची, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. नकलेची कळ वेगळी आहे, कापायची वेगळी. दोन्ही शेजारी शेजारी.

पाच दिवसांचे दहा श्वास घेतले आणि लावले. जोड बसली. अशी बसली की मीच ती शोधू शकलो नाही. रचना पूर्ण करून ठेवली, आणि मग नोंदीच्या फायली बंद करायला गेलो, तर त्या प्रत्येकी काही सेकंदांनी लहान झालेल्या. श्वास होते तिथे शब्द थेट शांततेला येऊन भिडले होते.

अठ्ठावीस वर्षं कापत आलेल्या बोटांनी रोजचीच कळ दाबली होती, कापायची.

मी मागे जायचा प्रयत्न केला. ‘बदल जतन झाले आहेत,’ कॉम्प्युटर म्हणाला. मी स्वतःची समजूत घातली. फाइलच आहे ती. तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाणारी फाइल. ताई घरी आहे आणि खिडकीत बसून शब्दकोडं सोडवते आहे. घरी गेलो तेव्हा ती खरंच शब्दकोडं सोडवत होती.

८

रविवारी चारला ताईने निवेदन केलं, छान केलं, आणि रचना सुरू झाली. बाहेर ऊन होतं. ताई आत हेडफोन लावून बसली होती. तिच्या शेजारी पाहुण्यांची खुर्ची आणि पाहुण्यांचा माइक, दोन्ही रिकामे.

एकोणीस मिनिटांनी शांतता आली.

एक. दोन. मी तोंडाने मोजत होतो. चार. पाच. बँड वाजला नाही. सहाव्या सेकंदाला ताईने मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे बघितलं, दचकून नव्हे, शेजारी कोणी येऊन बसल्यावर आपण बघतो तसं. माझ्या आणि त्या खुर्चीच्या मध्ये कॉम्प्युटरचा पडदा होता. मी वाकलो. पाहुण्यांच्या माइकखाली, टेबलाच्या वर वीतभर, दोन हात उचललेले होते. म्हातारे हात, पांढऱ्या बाह्या. डावी बाही मनगटाशी उघडी होती, बटण नव्हतं.

काचेत माझंच प्रतिबिंब असेल, असं माझ्या मनात आलं. पण मी अर्ध्या बाहीचा शर्ट घातला होता.

अकरा. हात खाली आले आणि शेवटचे सूर वाजले.

सूर संपले तेव्हा खुर्ची रिकामी होती. हवेवर असल्याचा लाल दिवा विझला, ताईने हेडफोन काढले. “झालं सगळं नीट छान वाटलं ऐकायला चल घरी जाऊ चहा करते,” ती म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं, की तिने हे कसं म्हटलं त्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

९

सोमवारी ताई कुठेच थांबली नाही.

कुठेच. दहा मिनिटांच्या बातम्या तिने आठ मिनिटं चाळीस सेकंदांत वाचल्या. पूल, अर्थसंकल्प, अपघात, हवामान, सगळं एका ओळीत. कागदावर तिरक्या रेघा होत्या, पण ती त्यांच्यावरून घसरत गेली. वाचताना तिचे डोळे कागदावर नव्हते, काचेतून माझ्यावर होते.

मॅडम स्वतः खाली आल्या. “काय सुधारलंय हो वाचन! ओघ बघा. कॉम्प्युटरचा विचार रद्द.” श्रोत्यांची पत्रं आली. रविवारच्या रचनेचंही कौतुक झालं; ती आता संग्रहात कायमची जाणार.

मी अर्ज केला. एकदा हवेवर गेलेलं बदलायचं तर तीन प्रतींत अर्ज लागतो.

“बदलायचं कशाला? तुम्हीच तर दुरुस्त केलंत,” मॅडम म्हणाल्या.

“त्यातला थोडा भाग परत काढायचा आहे.”

“कारण काय लिहू?”

“माझ्या बहिणीचा श्वास त्यात गेलाय.”

त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या आणि मला आठ दिवसांची रजा सुचवली. फ्यूजच्या हातापाया पडलो, तर तो म्हणाला संग्रहातली फाइल फक्त ऐकता येते, तिला हात लावायची सोय त्यालाही नाही. चौथ्या मजल्यावर गेलो, तर दाराला कुलूप आणि आतून बारीक आवाजात आमचंच केंद्र.

फाइल ऐकता येते, म्हणून ऐकतो. त्या अकरा सेकंदांत आता एक श्वास आहे. पुरुषाचा, लांब, आत ओढलेला. सूर येईपर्यंत तो आत जातच राहतो. बाहेर काही येत नाही.

ताईला मी अजून सगळं सांगितलेलं नाही. तिने विचारलंही नाही. ती जेवते, कामावर येते, बोलते तेव्हा एका दमात बोलते आणि बोलत नाही तेव्हा अगदी स्थिर असते. स्वेटरची वीण छातीवर हलत नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे.

त्या सोमवारनंतरच्या मंगळवारी एकला पाच कमी असताना तिने चष्मा काढला. हाः, हाः केलं. काच स्वच्छच राहिली. तिने ती उजेडाकडे धरली आणि पुन्हा तोंडाशी नेली. मग उठून दार उघडून माझ्यापाशी आली आणि चष्मा माझ्या हातात दिला.

“तू करून बघ रे जरा,” ती म्हणाली.

मी श्वास सोडला. काच धूसर झाली. ताई त्या धूसर काचेकडे बघत राहिली, मग तिने ती स्वेटरच्या टोकाने पुसली आणि आत जाऊन बसली. लाल दिवा लागला.

तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. रोज एकला पाच मिनिटं कमी असताना मी स्टुडिओत जातो, ताई चष्मा पुढे धरते, मी दोनदा श्वास सोडतो, ती पुसते. काल पहिल्या श्वासाला काच धूसर झाली. दुसऱ्याला झाली नाही.